आतून घडलेली नळी

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकातच मांडले होते आणि त्या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा याने इंग्लंडमध्ये १७९५ साली घेतले. तरीही धातूच्या नळीत द्रव भरून तिला आतून फुगवण्याची आणि साच्याचा आकार देण्याची रीत, म्हणजेच हायड्रोफॉर्मिंग, कारखान्यांत रुळायला विसावे शतक उजाडावे लागले. या विलंबाचे मूळ दाबाच्या अभावात नव्हते. खरी अडचण होती ती द्रव अडवून धरण्याची आणि धातू पुरवण्याची. ब्रामाच्या यंत्रातही दट्ट्याभोवतून पाणी झिरपत असे. दाब चढेल तसे अधिकच घट्ट बसणारे चामड्याचे वायसर त्याच्याच कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याने सुचवले असे मानले जाते, आणि तेव्हा कुठे ते यंत्र भरवशाचे झाले.

नळजोडणीतला तांब्याचा 'टी', म्हणजे सरळ नळीतून काटकोनात फाटा काढणारा जोड, बिनसांध्याचा घडवणाऱ्या यंत्राला अमेरिकेत १९४० साली पेटंट मिळाले, आणि ती अडचण कशी सुटली हे या साध्या वस्तूत सर्वांत स्पष्ट दिसते. नळीचा तुकडा साच्याच्या दोन भागांत आवळला जातो, दोन्ही तोंडे दट्ट्यांनी बंद होतात, आत दाब चढू लागतो आणि त्याच वेळी दट्टे नळीला दोन्हीकडून आत रेटत राहतात. त्यामुळे साच्याच्या बगलेतील पोकळीत धातू घुमटासारखा वर येतो आणि त्याचा माथा कापला की फाटा तयार होतो. नुसताच दाब वाढवला, तर माथ्याशी धातू पातळ होऊन फाटतो. नुसतेच रेटले, तर नळीला सुरकुत्या पडतात. या दोहोंचा मेळ क्षणाक्षणाला राखणे हेच या कारागिरीचे मर्म होय, आणि मोठ्या, वाकड्या नळ्यांच्या बाबतीत तो मेळ संगणकाच्या नियंत्रणामुळेच हुकमी साधू लागला.

म्हणूनच मोटार उद्योगाने ही रीत मोठ्या प्रमाणावर उचलली ती १९९० नंतरच्या दशकात. १९९७ च्या कॉर्व्हेट मोटारीत सांगाड्याच्या दोन लांब बाजू अशाच एकेका पोलादी नळीतून घडवल्या होत्या. एरवी असा भाग पत्र्याचे अनेक तुकडे दाबून आणि वेल्डिंगने जोडून करावा लागे. सांधे घटले, की वजन कमी होते आणि सांगाडा पिळाला सहजासहजी दाद देत नाही. शिवाय बोल्टसाठी लागणारी भोकेही नळी साच्यात असतानाच पाडता येतात, कारण पंच बाहेरून दाबला जात असताना आतला द्रवच नळीच्या भिंतीला आधार देतो.