मित्राच्या तबकड्या

लॅरी लेवॅनचं १९७९ सालचं एक ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. मी ते कितीदा ऐकलं असेल याची मोजदाद नाही, आणि दर वेळी ऐकून झालं की थोडी चिडचिड होते. न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवरच्या ‘पॅराडाइज गराज’ या क्लबात हा माणूस जवळजवळ दहा वर्षं, १९८७मध्ये क्लब बंद होईपर्यंत, रात्र-रात्र तबकड्या वाजवत होता. तिथे दारू मिळत नसे. येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो समलिंगी तरुण. त्या हजारो तासांतलं हे एवढंसं ‘स्ट्रट’ कंपनीनं २००० साली बाजारात आणलं. तोवर लॅरीला जाऊन आठ वर्षं झाली होती.

आणि त्यातही लॅरी कितीसा सापडणार? गाणी दुसऱ्यांची, गळे दुसऱ्यांचे. त्याचं स्वतःचं एवढंच की कोणत्या तबकडीनंतर कोणती, किती वेळ, आणि रिचर्ड लाँगनं बांधलेल्या त्या अवाढव्य ध्वनियंत्रणेतून बास कधी काढून घ्यायचा, कधी परत सोडायचा. हेडफोनमध्ये ते अर्धंही कळत नाही.

मग उरतात मित्र. ताना गार्डनरच्या ‘हार्टबीट’चीच गोष्ट घ्या. लॅरीनंच १९८१मध्ये त्याचं मिक्स केलं. तेव्हाचं डिस्को मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास धावायचं, हे गाणं शंभराच्या आसपास रेंगाळणारं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा नाचणारे बाजूला झाले; लॅरी मात्र तेच लावत राहिला, माणसं परत येईपर्यंत. त्याच्या भोवतालचे लोक असं सांगत आले. थोडं मीठमसाला लागलं असेलही, पण दुसरा साक्षीदार आणायचा कुठून? एड्सनं त्या पिढीतले नाचणारेही नेले आणि वाजवणारेही.

लॅरीचा सगळ्यात जुना मित्र फ्रँकी नकल्स. दोघं किशोरवयापासूनचे, निकी सियानोच्या ‘गॅलरी’त पडेल ते काम करत, मग ‘काँटिनेंटल बाथ्स’मध्ये डीजे म्हणून तयार झाले. शिकागोत नवा क्लब निघाला तेव्हा बोलावणं आधी लॅरीला आलं होतं. तो न्यूयॉर्क सोडेना, म्हणून १९७७मध्ये फ्रँकी गेला. त्या ‘वेअरहाउस’ क्लबच्या नावावरूनच ‘हाउस’ संगीताचं नाव पडलं असं म्हणतात. एका मित्राच्या नकारातून केवढं काय निघालं!

८ नोव्हेंबर १९९२ला लॅरी गेला, ३८ वर्षांचा. त्याच वर्षी तो फ्रान्स्वा केव्होर्कियानबरोबर जपानचा दौरा करून आला होता. हा फ्रान्स्वा मूळचा फ्रान्सहून आलेला ड्रमवादक. क्लबात डीजे तबकड्या लावत असताना सोबतीला ड्रम वाजवायचा, हे त्याचं न्यूयॉर्कमधलं सुरुवातीचं काम.

११ मे २०१४, रविवार. किंग स्ट्रीटवर, गराज जिथे होतं तिथेच, लॅरीच्या नावानं रस्त्यावर नाच झाला. वाजवायला होते फ्रान्स्वा, गराजमध्येच डीजे असलेला डेव्हिड डेपिनो आणि तिथल्या सुरक्षेचं काम बघणारा, पुढे डीजे झालेला जोई लानोस. एरवी मध्यरात्रीनंतर बंद दाराआड होणारा नाच त्या दिवशी भर उजेडात, रस्त्यावर. भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आपल्याला माहीत आहे. तिथे निदान शिष्याच्या गळ्यात घराण्याची गायकी उतरलेली असते. डीजेपाशी तेही नाही. मेलेल्या मित्राला अभिवादन करायचं, तर त्यानं लावलेल्या तबकड्याच पुन्हा लावायच्या, आणि त्या तो कशा लावायचा हे आठवायचं. मला हे कोणत्याही मृत्युलेखापेक्षा भरवशाचं वाटतं: चुकलं तर समोर नाचणाऱ्या जुन्या पायांना लगेच कळतं.

फ्रँकी मात्र त्या गर्दीत नव्हता. सहाच आठवड्यांपूर्वी, ३१ मार्चला, तो शिकागोत वारला होता. वय ५९.