कुडाची भिंत आणि सह्याद्रीचा पाऊस

आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या अंगाला जुने घर म्हणजे कारवीचा कुड. काठ्या उभ्या-आडव्या आवळायच्या, दोन्ही बाजूंनी चिखल थापायचा आणि वर शेणाने सारवायचे. ही घरे पावसाला टिकत नव्हती म्हणून गेली, असे सर्रास म्हटले जाते. मला हे निदान पटत नाही. जुन्नरच्या पूर्वेला आणे पठार पाण्यासाठी तरसते. पश्चिमेला धो धो पाऊस कोसळतो आणि पातळ कुडाची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली ती तिथेच.

वाळताना माती आकसते, तडकते. कारवी, भाताचे तूस आणि शेणातले अर्धवट पचलेले गवताचे धागे तिला धरून ठेवतात. पण तंतू पाणी पितो, फुगतो, वाळला की आकसतो आणि मातीपासून सुटतो. ओल मुरून राहिली तर बुरशी आणि वाळवी येते. ताग-अळशीचे धागे घालून प्लॅस्टिकच्या वस्तू करणाऱ्या कारखान्यांपुढे आजही हाच पेच आहे. तिथे धागे आधी कॉस्टिक सोड्यात धुऊन घेतात. आपल्याकडे उपाय बांधणीतच होता. दगडी जोत्यामुळे जमिनीची ओल वर चढत नसे, खाली झुकलेल्या वळचणीमुळे झड भिंतीवर येत नसे, चुलीच्या उबेने आतली बाजू सुकत राही. भिजलेली माती वाफ बाहेर सोडत असे आणि जे झिजे ते पावसाळ्यानंतरच्या सारवणात भरून निघे.

मग लोकांनी विटा-सिमेंट का जवळ केले? सारवणाचे कष्ट बायकांच्या अंगावर पडत, हे खरेच आहे. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाल्यावर तिथली कारवी पूर्वीसारखी तोडता येईना, हेही खरे. या कारणांपुढे जुन्या घराचा हट्ट धरणे अन्यायाचे ठरेल. काही जण २०१४ मध्ये दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीण गावाकडे बोट दाखवतात. पण तिथे डोंगरच खाली आला, भिंत कशाची होती याने काही फरक पडला नसता. हे सगळे मान्य केले, तरी पाण्यापुढे तंत्र हरले असे त्यातून निघत नाही.

उलट पुरावा जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींवर दिसतो. पक्की व्हावी म्हणून त्यांना सिमेंटचा गिलावा चढवतात. भेगेतून पाणी आत जाते, त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. तळाची माती भुसभुशीत होते आणि गिलावा सुटताना भिंतीचा थर घेऊनच खाली येतो. वाडा दुरुस्त करणाऱ्यांनी आधी वळचण आणि जोते नीट करावे, भिंतीला माती-शेणाचा किंवा चुन्याचाच हात द्यावा.