पॉवर स्टिअरिंग दाबचाचणी
जुन्या मोटारगाड्यांच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमधील तेलाचा दाब गेज लावून मोजण्याची पद्धत. स्टिअरिंग जड झाल्यास दोष पंपात आहे की स्टिअरिंग बॉक्समध्ये, हे तिच्यामुळे सुटे भाग न बदलताच समजते.

पार्श्वभूमी : अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी 1926 मध्ये मोटारीसाठी पॉवर स्टिअरिंग तयार करून दाखवले. प्रवासी मोटारीत ते 1951 मध्ये क्रायसलर इंपीरियलबरोबर विक्रीस आले. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबाने स्टिअरिंग बॉक्सकडे पाठवतो. पंपातील नियंत्रक झडप प्रवाह मर्यादित ठेवते आणि दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही.

पूर्वतयारी : टायरमधील हवा, पट्ट्याचा ताण, तेलाची पातळी आणि गळती आधी तपासावी. यांपैकी एकात जरी दोष असला, तरी स्टिअरिंग जड होते. तेलाला फेस आला असल्यास आत हवा शिरली आहे असे समजावे. पंपाकडून बॉक्सकडे जाणाऱ्या दाबनळीत गेज जोडतात. बंद करण्याची झडप गेजच्या पुढे, बॉक्सच्या बाजूला राहिली पाहिजे. मग इंजिन चालवून तेल सुमारे 65 ते 75 अंश सेल्सिअसपर्यंत गरम करतात.

कृती : जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांतील सॅगिनॉ पंपावर, इंजिन आयडलिंगला आणि झडप उघडी असताना, साधारण 80 ते 125 पीएसआय दाब दिसतो. तो 200 च्या वर गेला, तर नळ्यांत अडथळा आहे का ते पाहावे. त्यानंतर झडप पूर्ण बंद करतात. काटा झपाट्याने चढतो आणि पंपावर भार येऊन त्याचा आवाज बदलतो. आकडा टिपून झडप लगेच उघडावी. ती 5 सेकंदांपेक्षा जास्त बंद राहिली, तर तेल तापून पंप आतून खराब होतो. असे तीन वेळा करतात.

निष्कर्ष : तिन्ही आकडे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील कमाल दाबाइतके आणि एकमेकांपासून 50 पीएसआयच्या आत असतील, तर पंप चांगला आहे. दाब पुरेसा असूनही आकड्यांत जास्त फरक पडला, तर नियंत्रक झडप अडकते आहे. ती काढून साफ करावी. तिन्ही आकडे सारखेच पण कमी आले, तर ही झडप बदलून पुन्हा मोजावे. तरीही दाब वाढला नाही, तर पंपाची पाती व रोटर झिजले आहेत. पंप ठीक ठरल्यावर गेजची झडप उघडी ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवतात. तेथे कमाल दाब मिळाला नाही, तर बॉक्समध्ये अंतर्गत गळती आहे.

दक्षता : डोळ्यांवर चष्मा हवा. दाबाखालच्या नळीची गळती कधीही हाताने चाचपू नये. तेलाची बारीक धार त्वचेत घुसून गंभीर इजा करते. अशी इजा वरून लहान दिसली, तरी तातडीने रुग्णालय गाठावे. गेज काढल्यावर नळी घट्ट बसवून, मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच तेल भरून यंत्रणेतील हवा काढावी.