सिकलसेल : प्रौढ रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया
सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदनांचे झटके येतात. अमेरिका व कॅनडातील २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांत झटक्यांचे वार्षिक मध्यक प्रमाण २.५, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ४.५ आढळले. लाभ स्पष्ट दिसल्याने चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून पेशींचा आकार बिघडण्यास अटकाव करते. मात्र त्याने रोग समूळ बरा होत नाही. शिवाय नियमित रक्ततपासणी अनिवार्य असते. विदर्भ व मध्य प्रदेशातील आदिवासी पट्ट्यांत हा विकार आढळतो. राष्ट्रीय निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे झाला.