‘मगर’ : रणगाडे उतरविणाऱ्या दोन जहाजांचा सेवा-इतिहास

भारतीय नौदलात ‘मगर’ हे नाव दोन जहाजांनी धारण केले. पहिले दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बेलफास्ट येथे, तर दुसरे सुमारे चार दशकांनी कोलकात्यात बांधले गेले. दोन्ही जहाजे रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरविणारी, म्हणजेच ‘लँडिंग शिप टँक’ (एलएसटी) या प्रकारची होती.

रचना

१९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याला अवजड युद्धसामग्री फ्रान्समध्येच सोडावी लागली. बंदर शत्रूच्या हाती असताना रणगाडे पुन्हा उतरवायचे कसे, या प्रश्नातून एलएसटीची कल्पना पुढे आली. खुल्या समुद्रात स्थिर राहण्यासाठी जहाज पाण्यात खोल बसावे लागते. किनाऱ्याला लागताना मात्र ते उथळ तरंगले पाहिजे. त्यासाठी तळाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून जहाज जड केले जाते आणि किनारा जवळ येताच ते उपसले जाते. पुढचे दरवाजे उघडून उतरंड वाळूवर टेकविली की रणगाडे बाहेर पडतात. किनाऱ्याकडे येतानाच मागे टाकलेला नांगर ओढून जहाज पुन्हा पाण्यात घेतले जाते.

पहिले ‘मगर’

हारलँड अँड वुल्फ कंपनीने बांधलेले ‘एलएसटी ३०११’ पुढे ब्रिटिश नौदलात ‘ॲव्हेंजर’ झाले. १९४९ मध्ये ते भारताकडे आले आणि नंतर ‘मगर’ या नावाने ओळखले गेले. १९६० च्या दशकात पोलंडमध्ये बांधलेली ‘घडियाल’ व ‘गुलदार’ ही लहान जहाजे त्याच्या जोडीला आली. १९७१ च्या युद्धात ही तिन्ही पूर्वेकडील ताफ्यात होती.

त्या युद्धाच्या अखेरीस, पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडे जाणारी वाट रोखण्यासाठी कॉक्स बाजार येथे गुरखा जवान उतरविण्यात आले. किनाऱ्याअलीकडच्या वाळूच्या दांड्याला ‘घडियाल’ अडकले. दांड्यापलीकडे पाणी पुन्हा खोल होते. तेथे उतरलेल्या जवानांपैकी दोघांना जलसमाधी मिळाली. किनाऱ्यावर शत्रू नव्हताच. समुद्रतळाची नेमकी माहिती नसेल, तर अशी जहाजे असूनही सैन्य सुरक्षित उतरेलच असे नाही, हा धडा दोन जिवांच्या मोलाने मिळाला.

दुसरे ‘मगर’

गार्डन रीच गोदीत बांधलेले नवे ‘मगर’ १८ जुलै १९८७ रोजी नौदलात दाखल झाले. या प्रकारचे हे देशात बांधलेले पहिले मोठे जहाज. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या मोहिमेत त्याने भाग घेतला. परंतु त्याची अधिक ओळख झाली ती मदतकार्यामुळे. रणगाड्यांसाठी राखलेली प्रशस्त जागा संकटकाळी माणसांच्या कामी आली. २००४ च्या त्सुनामीनंतर त्याने १,३०० हून अधिक लोकांना सुखरूप हलविले. कोविडकाळात ‘समुद्रसेतू’ मोहिमेत मालदीवहून २०२ भारतीयांना घेऊन ते १२ मे २०२० रोजी कोचीला पोहोचले. ६ मे २०२३ रोजी कोची येथेच त्याला सेवेतून निरोप देण्यात आला.