प्रतिमा-पीडीएफ रूपांतर : बिघाड व उपाय

फोटो किंवा स्कॅनची पीडीएफ करताना येणारे बिघाड दोन जातींचे : संदेश देऊन अडणारे, आणि पीडीएफ गुपचूप तयार करून चूक आत ठेवणारे. दुसरी जात अधिक घातक.

पहिल्या जातीतला गाजलेला बिघाड ‘इमेजमॅजिक’ या प्रतिमा-साधनाचा. ऑगस्ट 2018 मध्ये सुरक्षा-संशोधक टाविस ऑर्मंडी यांनी, इमेजमॅजिक पीडीएफ वाचायला वापरते त्या ‘घोस्टस्क्रिप्ट’मधील सुरक्षा-त्रुटी उघड केल्या. त्यानंतर उबुंटूने इमेजमॅजिकच्या ‘पॉलिसी.एक्सएमएल’ फाइलमध्ये पीडीएफचे हक्क काढून घेतले आणि कालपर्यंत चालणारी रूपांतराची आज्ञा ‘नॉट ऑथराइज्ड’ म्हणून अडू लागली. दोष फोटोत नसतो. घोस्टस्क्रिप्ट लागते ते पीडीएफ वाचताना. फोटोची पीडीएफ लिहिताना नाही. त्यामुळे त्या फाइलमधील पीडीएफच्या ओळीत ‘नन’ऐवजी नुसते ‘राइट’ दिले तरी काम होते, वाचनाचे दार बंदच राहते. ‘कॅश रिसोर्सेस एग्झॉस्टेड’ हा संदेश याच फाइलमधील संसाधन-मर्यादांमुळे येतो. पाने थोडी थोडी करून घ्यावीत.

‘इमेज-टू-पीडीएफ’ (आयएमजी2पीडीएफ) ही आज्ञा जेपेग पुन्हा न दाबता जशीच्या तशी बसवते, म्हणून दफ्तरे जतन करणाऱ्यांनी तीच वापरावी. पारदर्शक पीएनजी मात्र तिच्या जुन्या आवृत्त्या नाकारतात. तिथे आधी पांढरी पार्श्वभूमी द्यावी.

पान अवाढव्य निघाले तर डीपीआय (इंचामागील ठिपके) पाहावा. 4000 पिक्सेल रुंदीचा फोटो 72 डीपीआयने सुमारे 56 इंच होतो, 300 ने 13.

गुपचूप चुकीचे सर्वांत ठळक उदाहरण 2013 चे आहे. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्स वर्कसेंटर यंत्रावर घराचा नकाशा स्कॅन केला. मूळ कागदावर खोल्यांची क्षेत्रफळे 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी 14.13. अक्षरे स्वच्छ, कुठे डाग नाही, संदेश नाही. कारण होते जेबिग2 संक्षेपण : सारखे दिसणारे ठसे एकच मानून एकाच्या जागी दुसरा बसवला जाई. क्रीझेल यांना 6 च्या जागी 8 झालेलेही आढळले. झेरॉक्सने पुढे दुरुस्ती-सॉफ्टवेअर दिले, पण आधीच स्कॅन झालेल्या कागदांना त्याचा उपयोग नव्हता. मूळ कागद फाडून टाकले असतील, तर खरा आकडा कळायला मार्ग उरत नाही. आकडेमोडीची कागदपत्रे जेबिग2 च्या हानिकारक प्रकाराने कधीही दाबू नयेत. कृष्णधवल पानांना सीसीआयटीटी गट 4 हे संक्षेपण सुरक्षित.

आडवे पान : फोटोच्या एक्झिफ माहितीतील दिशा-नोंद तपासावी.

एचईआयसी : आयओएस 11 (2017) पासूनचे आयफोन-फोटो, जुनी साधने ते उघडत नाहीत, आधी जेपेग करावे.