प्रोग्राम फसला, हे सांगायचं कुणाला?

मंडळी, बेसिक भाषेची जन्मकथा तुम्ही ऐकलेली असणार. आज तिच्यातल्या एकाच बारक्या गोष्टीपाशी थांबतो.

१९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक तयार केली, तेव्हा टेलिटाइपसमोर विद्यार्थी बसलेला असायचा. चूक झाली की संदेश छापायचा, काम संपलं. वाचायला माणूस होताच ना! १९७५ च्या अल्टेअर बेसिकला तर मेमरीची इतकी चणचण, की वाक्यरचना चुकली तर नुसतं ‘एसएन एरर’.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या बेसिकमध्ये ‘ऑन एरर गोटू’ आलं. आता प्रोग्रामलाच चूक पकडता येऊ लागली. ‘ईआरआर’मध्ये चुकीचा क्रमांक मिळे, ‘ईआरएल’मध्ये ओळीचा. ५३ म्हणजे फाइल सापडत नाही, ६१ म्हणजे डिस्क भरली. मग ‘रिझ्यूम’ लिहिलं तर तीच आज्ञा पुन्हा, ‘रिझ्यूम नेक्स्ट’ लिहिलं तर तिच्या पुढची. हे दुसरं फार घातकी. आम्ही सगळ्यांनीच ते वापरलं, खोटं कशाला बोलू?

एका कार्यालयात पगाराचा जीडब्ल्यू-बेसिक प्रोग्राम होता. रोज रात्री बॅच फाइल तो चालवायची, मग जुनी फाइल पुसून नवी तिच्या जागी ठेवायची. एकदा फ्लॉपी भरली. ‘रिझ्यूम नेक्स्ट’ने ६१ गिळून टाकला, बॅच फाइल पुढे गेली, आणि जुनी, धड असलेली फाइल पुसली गेली. समोर माणूस नव्हता.

खरं तर १९८३ च्या डॉस २.० पासून प्रोग्रामला जाताना एक आकडा मागे ठेवता येत होता. बॅच फाइल तो ‘एररलेव्हल’ने तपासायची. (‘एररलेव्हल १’ म्हणजे एक किंवा जास्त, म्हणून मोठा आकडा आधी तपासायचा. यात भलेभले फसले!) पण जीडब्ल्यू-बेसिकची ‘सिस्टम’ आज्ञा नुसतीच डॉसकडे परतायची, आकडा द्यायची सोय तिच्यात नव्हती. मग आम्ही जुगाड केला: सगळं नीट झालं तरच शेवटी एक रिकामी फाइल बनवायची, आणि बॅचमध्ये ‘इफ एक्झिस्ट’ने ती आहे का बघायचं. सुरुवातीला आदल्या दिवशीची पुसायची, हे मात्र विसरायचं नाही.

क्विकबेसिकमध्ये ‘कॉल इंटरप्ट’ने थेट डॉसला आकडा देऊन बाहेर पडता यायचं. फक्त बेसिकची स्वतःची आवराआवर त्यात राहून जायची. आधी ‘क्लोज’ केलं नसेल, तर बफरमधल्या शेवटच्या नोंदी डिस्कवर न जाताच गायब, आणि आकडा मात्र शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’.